भावधारणा : वऱ्हाडातील कापूस उत्पादकांची

पुढे काय भाव मिळेल याविषयी शेतकऱ्याच्या मनात बनणारे मत आणि त्या मतावर विसंबून माल विकण्याची वा राखून ठेवण्याची त्याची तयारी, या दोहोंना मिळून भावधारणा म्हणता येईल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी 1921 मध्ये संभाव्यता मोजता येणारी जोखीम आणि ती मोजताच न येणारी अनिश्चितता असा भेद केला. अकोला-अमरावतीकडील कापसाचा भाव बव्हंशी दुसऱ्या प्रकारात मोडतो, कारण तो परदेशी वायदेबाजार व केंद्राचे आयातशुल्क यांच्याशी बांधलेला असतो. उत्पन्नाची हमीही तितकीच कच्ची, कारण पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने सारी भिस्त पावसावर राहते.

अशा स्थितीत गेल्या हंगामाचा भाव हाच हाताशी असलेला पुरावा ठरतो. मागील अनुभवावरून पुढचा अंदाज बांधण्याच्या या रीतीला अनुकूली अपेक्षा म्हणतात. 2021-22 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6,025 रुपये असताना बाजारभाव 10,000 च्या वर गेला आणि दिवाळीच्या सुमारास माल विकून मोकळे झालेले हळहळले. पुढल्या हंगामात हमीभाव 6,380 होता व बाजारभाव त्याहून बराच चढा होता, तरी अनेकांनी दहा हजारांची वाट पाहत कापूस राहत्या घरात भरून ठेवला. तो वाळून वजनाला घटला, घरच्यांच्या अंगाला खाज सुटली आणि उन्हाळ्यात भाव 8,000 च्या खाली उतरला. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण थांबल्याचा लाभ वर्षभरापूर्वीच डोळ्यांदेखत झाला होता.

जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 मध्ये दाखवून दिले की निर्णय केवळ अंदाजावर ठरत नाही, त्या अंदाजावर किती भरवसा आहे यावरही ठरतो. वऱ्हाडात यात तिसरी गोष्ट मिळवावी लागते, ती म्हणजे थांबण्याची ऐपत. भाव चढणार याची खात्री असूनही कृषी केंद्राची उधारी व पीककर्ज डोक्यावर असलेला शेतकरी पहिल्या वेच्याचा कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, देऊन टाकतो. त्यामुळे कोणी कधी विकले यावरून त्याचे मत काय होते हे ओळखता येत नाही. 1972 मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने सरकारी दर देऊन या अंदाजाचा भार काही काळ हलका केला होता.

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी याच संदर्भात पाहावी लागते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडून त्याभोवती सरकीसह 18 धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या हालचालींवरून पाऊस, पिके व भाव यांचे भाकीत सांगतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, हा अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा आक्षेप रास्तच आहे. परंतु पेरणीच्या तोंडावर गावोगावच्या शेतकऱ्यांच्या कानी एकच भाकीत पडते आणि सगळ्यांच्या चर्चेला तेच धरून सुरुवात होते, हा त्याचा परिणाम भावधारणेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.