विणकरांची कोंबडी आणि राणीची कोंबडी

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कोंबड्यांचा इतिहास सांगावयास कोणी उभा राहिला, तर श्रोत्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटावे हे साहजिक आहे. राज्ये, लढाया, संत, सुधारक यांच्या पंगतीत खुराड्याला पाट कोण मांडणार? पण आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. कामगाराने मजुरीच्या तासांबाहेर, स्वतःच्या आवडीने काय केले, हे इतिहासाच्या ग्रंथांत शोधू गेले म्हणजे हाती फारसे लागत नाही. संपाची नोंद सापडते, उपासमारीची सापडते, गिरणीच्या नफ्याची तर हटकून सापडते. त्याच्या हौसेची सापडत नाही. इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या विणकरांची हौस मात्र एका पक्ष्याच्या पिसांवर उमटून राहिली आहे.

लँकेशायरचे नाव आपल्याकडे काढले की मँचेस्टरचे कापड आठवते आणि त्या कापडाने बुडालेले आमचे मागवाले आठवतात. ते खरेच आहे. परंतु त्याच यंत्रमागाने लँकेशायरचा हातमागवालाही बुडविला, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या माणसाची मजुरी घसरत घसरत पोटापुरतीही उरली नाही. जमीन नाही, कुरण नाही, गाय-घोडा बाळगण्याची ऐपत नाही. घरामागे हातभर अंगण, त्यात चार कोंबड्या. आणि एवढ्या भांडवलावर त्याने जी कारागिरी केली, ती पाहून पुढे सरदारांनी आणि पाद्र्यांनी तोंडात बोट घातले.

या कोंबडीस लँकेशायरचे लोक ‘मूनी’ म्हणत. मून म्हणजे चंद्र. रुपेरी किंवा सोनेरी पिसाच्या टोकावर काळाभोर, हिरवट झाक मारणारा वाटोळा ठिपका. आणि असा ठिपका एकेका पिसावर, छातीपासून शेपटीपर्यंत. शेजारच्या यॉर्कशायरात याच कुळीतल्या पक्ष्याला ‘फेझंट’ म्हणत. त्याचा ठिपका चंद्रकोरीसारखा असे. म्हणजे एका परगण्याने पौर्णिमा पसंत केली आणि दुसऱ्याने बीजेची कोर! हे आपोआप घडत नाही. दरवर्षी निघालेल्या पिलांतून ज्यांचे ठिपके ठळक, सुटे आणि वाटोळे, तेवढीच राखायची, बाकीची हंडीत घालायची. राखलेल्यांचे जोडे जमवायचे आणि पुढच्या वर्षाची वाट पाहायची. कापडातला एक तुटका धागा ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याच्याच डोळ्याला ही निवड साधावी, असे आम्हांस वाटते. त्याच्यापाशी पुस्तक नव्हते. बापाचे बोट धरून तो शिकला आणि मुलाला शिकवून गेला.

या पक्ष्यांच्या स्पर्धा गावातल्या दारूच्या गुत्त्यांत भरत. त्या मुलखात हीच रीत गूजबेरीच्या फळालाही होती. सर्वांत जड फळ आणील त्यास तांब्याची किटली बक्षीस मिळे. या कामकऱ्यांच्या चुरशीत गूजबेरीचे फळ वाढत वाढत १८५२ पर्यंत रानटी फळाच्या सात-आठ पट वजनाचे झाले आणि त्याची नोंद खुद्द डार्विनने घेतली. फुरसत मिळाली तर मजूर ती दारूत उडवील, असे मालकवर्ग सदैव सांगत आला आहे. येथे मजूर गुत्त्यात बसला होता खरा, पण हातात कोंबडी घेऊन तिच्या पिसांचे गुणदोष काढीत बसला होता! इंग्लंडात दहा तासांचा कायदा १८४७ साली झाला आणि शनिवारी दुपारी दोन वाजता गिरणी बंद करण्याचे बंधन १८५० साली आले. दोन्ही कायदे शब्दशः स्त्रिया व किशोर कामगारांपुरतेच होते, पण त्यांच्यावाचून यंत्रे चालत नसल्यामुळे पुरुषांचीही सुटका झाली. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळण्यास नारायण मेघाजी लोखंड्यांची खटपट आणि १० जून १८९० हा दिवस यावा लागला. सुटीच नसेल तर हौस कसली, हा प्रश्न कोंबडीच्या इतिहासातही शिरतो तो असा.

आता दुसऱ्या कोंबडीकडे वळू. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडात कोंबड्यांच्या झुंजींचे आखाडे बंद झाले आणि हौशी लोकांचा ओढा झुंजीकडून देखणेपणाकडे वळला. १८४२ साली अफूच्या युद्धाचा शेवट होऊन शांघायचे बंदर इंग्रजांना उघडे झाले. १८४३ च्या सुमारास व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर येथील पक्षिगृहात पूर्वेकडचे मोठाड पक्षी आले आणि लवकरच शांघायहून पायांवर पिसे असलेले, गुबगुबीत, पिंगट अंड्यांचे पक्षी जहाजांतून उतरू लागले. त्यांना ‘कोचीन’ म्हणू लागले. आमच्या कोचीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. राणीला आवडले ते सरदाराला हवे, सरदाराला हवे ते वकिलाला हवे. १४ जून १८४५ रोजी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. १८४९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बॉस्टन येथे भरले, तेव्हा हजारो माणसे लोटली. तेथला जॉर्ज बर्नहॅम नावाचा व्यापारी एवढा वस्ताद की, १८५२ साली त्याने आपल्या करड्या कोंबड्या राणीस नजर केल्या आणि त्या कीर्तीवर स्वतःच्या मालाचा भाव वाढवून घेतला. अमेरिकेत या जातीला ब्रह्मपुत्रेचे नाव पडले, त्याचेच पुढे ‘ब्रह्मा’ झाले. १८५५ साली बर्नहॅमनेच ‘कोंबडीज्वराचा इतिहास’ लिहून, लोक कसे फसले ते हसत हसत सांगितले. सट्टेवाल्याने आपल्याच सट्ट्याचे पुस्तक लिहून पुन्हा पैसे कमवावेत, ही कला मुंबईच्या शेअरबाजारालाही त्या काळी साधली नव्हती.

या धामधुमीत विणकरांच्या कोंबडीचे काय झाले? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात वर्गवारी करताना मूनी, फेझंट, बोल्टन ग्रे असल्या साऱ्या गावठी नावांची मोट बांधण्यात आली आणि त्यांस एकच नाव देण्यात आले, ते ‘हँबर्ग’. हँबर्ग हे जर्मनीतले बंदर. बारीक आडव्या रेघांचे त्यांतले वाण हॉलंडकडून आले होते, हे कबूल. पण ठिपक्यांचे वाण लँकेशायर-यॉर्कशायरच्या अंगणांत घडले होते. ज्यांनी घडविले त्यांचे नाव गेले, आणि जेथे घडले नाही त्या गावाचे लागले. आमच्या धंद्यात असले प्रकार आम्ही नित्य पाहतो. सुधारणा सुचवितो खात्यातला जॉबर आणि अहवालावर सही होते साहेबाची.

१८६५ साली इंग्लंडात आणि १८७४ साली अमेरिकेत आदर्श लक्षणांची छापील संहिता निघाली. तुरा असा, कानाची पाळी अशी, शेपटी अशी; प्रत्येकाला गुण ठरलेले. संहिता असणे वाईट नाही. पंच बदलला की न्याय बदलतो, हे थांबविण्यास लिखित नियम हवाच. त्याखातर तर आम्ही हयात वेचली. पण ज्याला गुण नाहीत ते हळूहळू नाहीसे होते. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात याचे मासले दिले आहेत. स्पॅनिश कोंबड्याचा लोळणारा तुरा ताठ हवा असे परीक्षकांनी ठरविताच चार-पाच वर्षांत तो ताठ झाला. पोलिश जातीला दाढी हवी असे ठरले. पुढे क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या ५७ पिंजऱ्यांतील झाडून साऱ्या पक्ष्यांना दाढ्या होत्या! निवडीची ताकद एवढी. पण त्याच काळ्या स्पॅनिश कोंबडीची पुढची हकीकत दुःखाची आहे. मोठ्या पांढऱ्याशुभ्र अंड्यांबद्दल ती नावाजलेली होती. तिच्या तोंडावरच्या पांढऱ्या कातडीला गुण मिळू लागले, तशी ती कातडी पसरत गेली. पक्षी नाजूक झाला, थंडी सोसेना, अंडी घटली आणि शेतकऱ्याने तो सोडून दिला. रेघांच्या हँबर्गमध्ये तर नर आणि मादी दोन्ही एका जोडप्यातून संहितेप्रमाणे निघेनात. म्हणून नरांसाठी एक घराणे आणि माद्यांसाठी दुसरे, अशी दुहेरी पैदास ठेवावी लागली. हे परवडणारा माणूस चार कोंबड्यांच्या अंगणात राहत नव्हता.

डार्विन मात्र या गुत्त्यांतल्या लोकांत जाऊन बसला, त्यांच्या कबुतरांच्या मंडळांचा सभासद झाला, हे त्याच्या मोठेपणाचे आम्हांस विशेष वाटते. कोंबड्यांच्या साऱ्या जाती एका तांबड्या रानकोंबड्यापासून झाल्या, असे त्याचे मत होते. ते बव्हंशी टिकले. पण २००८ साली स्वीडनमधील उप्सालाच्या संशोधकांनी दाखविले की, कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग तांबड्या पूर्वजाकडून आलेला नसून राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. हा पक्षी आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिण हिंदुस्थानातच आढळतो. तेव्हा राणीच्या पिवळ्या पायांच्या कोचीनला कोचीचा संबंध नसला, तरी आमच्या घाटाजवळच्या रानाचा अगदीच नाही असे म्हणता येत नाही.

पिसे डोळ्यांना दिसतात. अंड्याच्या रंगाची निवड त्याहून अवघड. फ्रान्समध्ये ला रोशेल बंदराजवळ मारां नावाचे गाव आहे. तेथल्या गावठी कोंबड्यांचा संकर चीनमधल्या लँगशान जातीशी होऊन गडद तपकिरी अंडी देणारे वाण निघाले. त्यांच्या हौशी लोकांनी १९२९ साली मंडळ स्थापिले आणि १९३१ साली लक्षणे ठरविली. कवच पूर्ण होत आले म्हणजे शेवटच्या काही तासांत त्यावर तपकिरी रंगाचा थर चढतो; अंडे फोडून पाहिले तर आतली बाजू पांढरीच. रंगाचा साठा बेताचा असतो. मोसमाच्या आरंभीची अंडी सर्वांत गडद, आणि कोंबडी रोज अंडी देत राहिली की ती फिकी पडत जातात. ज्यादा पाळीचा परिणाम मालावर कसा होतो, हे कोंबडीनेही दाखवून ठेवले आहे म्हणा.

निळ्या अंड्याचे गणित वेगळे. चिली देशातील मापुचे लोकांच्या कोंबड्या निळी अंडी देत. स्पेनच्या साल्वादोर कास्तेल्यो यांनी त्या १९१४ साली पाहिल्या आणि १९२१ साली हेग येथील जागतिक परिषदेत त्यांची माहिती मांडली. हा निळेपणा कवचाच्या आरपार असतो. तो एकाच प्रबळ आनुवंशिक घटकाने येतो हे पनेट यांनी १९३३ साली सिद्ध केले. आणि फार पूर्वी पक्ष्याच्या शरीरात शिरून वंशात मिसळून गेलेल्या एका विषाणूमुळे तो घडला, हे २०१३ साली उघड झाले.

मारांचे हौशी आजही १ ते ९ छटांचा तक्ता हाती धरून अंडी पारखतात. ४ च्या खालचे अंडे बाद. कोणते अंडे कोणत्या कोंबडीचे हे कळावे म्हणून, ती आत शिरताच दार पडणारे खोके वापरावे लागते. नराची पंचाईत त्याहून मोठी. तो अंडे देत नाही, आणि त्याच्या पिसांवर काही लिहिलेले नसते. त्याच्या लेकी वाढून अंड्यावर येईतो थांबायचे, त्यांची अंडी तक्त्याशी लावायची आणि मग ठरवायचे, बाप ठेवायचा की नाही. तोवर वर्ष उलटून गेलेले असते.