साखळी वाढते ती कोठें?

रस्त्याच्या कामावर मुरूम उचलणारें एक बुटकें, चौकोनी यंत्र आपण पाहिलें असेल. त्याचीं पुढचीं चाकें वळत नाहींत, मागचींही वळत नाहींत; तरी तें जागच्या जागीं भोवऱ्यासारखें फिरतें. यास स्किड-स्टीअर लोडर म्हणतात. एका बाजूचीं चाकें पुढें, दुसऱ्या बाजूचीं मागें, आणि रबर जमिनीवर फरफटतें, एवढीच ती युक्ति. तिची किंमत मात्र आंत दडलेल्या साखळीस मोजावी लागते.

अमेरिकेंतील मिनेसोटा येथें रॉथसे हें लहानसें गांव आहे. तेथील यंत्रकाम करणाऱ्या लुई आणि सिरिल केलर या बंधूंकडे १९५६ सालीं एडी व्हेलो नांवाचा टर्की पाळणारा शेतकरी आला. पांखरांच्या त्याच्या शेडी दुमजली. वरच्या मजल्यावर ट्रॅक्टर चढवावा तर जमीन मोडावयाची, आणि खांबांच्या दाटींत तो वळणार कसा? बंधूंनीं १९५७ सालीं त्यास तीन चाकांचें हलकें यंत्र करून दिलें. त्यांतील पट्टे-कप्प्यांची योजना टिकाऊ ठरली नाहीं, म्हणून त्यांनीं क्लचची योजना केली. पुढें मेलरो कंपनीनें हें काम हातीं घेतलें आणि १९६० सालीं चारही चाकें चालणारें 'एम-४००' निघालें. मागचें मोकळें फिरणारें चाक गेलें. पकड वाढली, पण फरफटही वाढली. एका बाजूचीं दोन्ही चाकें एकाच वेगानें फिरविण्याचें काम पुढें बहुतेक अशा यंत्रांत साखळीकडेच राहिलें.

साखळी ताणली जाऊन लांबते, असा समज आहे. तो बहुधा खरा नसतो. पोलाद ताणत नाहीं, सांधा झिजतो. पूर्वी साखळीच्या पातळ पट्ट्या खिळ्यावर फिरत आणि झपाट्यानें कापल्या जात. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनीं १८८० सालीं खिळ्याभोंवतीं बुश बसविला व झीज रुंद पृष्ठावर विभागली. झीज थांबली नाहीं, मंदावली. प्रत्येक सांध्यांत केसभर झीज झाली, तरी साखळीभर तिची बेरीज होते. मग ती दंतचक्राच्या दांत्यांवर वर चढूं लागते.

दिशा बदलतांना 'खट्' असा आवाज येऊं लागला, म्हणजे मिस्त्र्यास बोलवावें. त्यानें प्रथम उचललेल्या भुजांस त्यांचा आधार लावावा, यंत्र भक्कम ठोकळ्यांवर ठेवावें आणि इंजिन बंद करावें. नुसत्या जॅकच्या भरवशावर खालीं हात घालणें हें धाडस नव्हे, वेडेपणा आहे. मग साखळीच्या पेटींतील तेल काढावें. तें दुधासारखें दिसलें तर पाणी शिरलें आहे. त्यांत लोखंडाचे तुकडे निघाले तर कोठें तरी मोडतोड आहे. अनेक कड्यांची लांबी एकदम मोजावी. साधारणतः शेंकडा तीनच्या सुमारास वाढ ही मर्यादा मानतात, पण त्या यंत्राच्या पुस्तकांतील आंकडा अंतिम.

एक कडी काढून ताण आणणें ही काटकसर फसवी आहे, कारण उरलेले सांधे झिजलेलेच राहतात. तसेंच आंकड्यासारख्या वांकलेल्या दांत्यांवर नवी साखळी चढविली तर तीही लवकर झिजते. दोन्ही बरोबरच बदलावीं.

शेवटीं जोडकडी. सायकलच्या जोडकडीवर स्प्रिंगच्या क्लिपचें बंद तोंड गतीच्या दिशेस ठेवतात. पण या साखळीची पुढची दिशा कोणती? ती दिवसांत शेंकडों वेळां उलटते. म्हणून येथें पिन दुमडून किंवा रिव्हेट ठोकून पक्की केलेली कडीच अधिक भरवशाची.