परम्याचे जंतु आणि प्रयोगाचे प्राणी

परमा हा रोग निसर्गतः मनुष्यालाच होतो, आणि अभ्यासकांची पंचाईत झाली ती येथेंच. 1879 सालीं आल्बर्ट नायसरनें त्याचे जंतु ओळखले खरे. परंतु ते टोंचले तरी उंदीर व ससे दाद देईनात. मग प्रयोग करावयाचा कोणावर?

माणसांवर! 1943 सालीं अमेरिकेंतील टेरे हॉट येथील तुरुंगांत कैद्यांना त्यांच्या संमतीनें जंतु दिले गेले, पण रोग हुकमी जडेना. पुढें 1946 ते 1948 मध्यें ग्वाटेमालांत सैनिक, कैदी आणि मनोरुग्ण यांना संमतीवांचूनच ते देण्यांत आले. अमेरिकन सरकारनें याबद्दल क्षमा मागितली ती 2010 सालीं!

1963 सालीं केलॉग व सहकारी यांनीं या जंतूंच्या वसाहतींचे चार प्रकार दाखविले. पहिल्या प्रकारचे जंतु रोग जडवीत. निवड न करतां वारंवार पेरलेले मात्र ती शक्ति गमावून बसत. येथेंही कसोटीला स्वयंसेवकच होते. घातक प्रकारांच्या अंगावर सूक्ष्म तंतु असतात, हें 1971 सालीं दिसलें. त्याच वर्षीं चिंपांझीला हा रोग देतां आला; पण इतका महाग प्राणी किती वापरणार? सशांसारख्या लहान प्राण्यांच्या त्वचेखालीं पोकळ कुप्या बसवून त्यांत जंतु वाढविण्याची युक्तिही निघाली. ती चतुर खरी, परंतु परम्याचें घर त्वचेखालीं नव्हे, श्लेष्मल त्वचेवर असतें.

1999 सालीं अ‍ॅन जर्स यांनीं इस्ट्राडायोल दिलेल्या उंदरांच्या माद्यांत हे जंतु कांहीं दिवस टिकविले. तरी तेथेंही एक अडचण राहतेच: हे जंतु मानवी ट्रान्स्फेरिनांतून लोह हिसकावून घेतात, उंदराचें ट्रान्स्फेरिन त्यांना चालत नाहीं.