मालवणचे बंदर : सनद आणि वहिवाट

धार आणि देवास या दोन्ही गावांच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. पठारावरचे आपले पाणी शिप्रा, काळी सिंध यांतून चंबळेकडे, म्हणजे अखेर गंगेकडे जाते. मांडवगडाखाली उतरणारे पाणी नर्मदेला मिळून भडोचपाशी पश्चिम समुद्रात पोहोचते, पण तो किनारा गुजरातचा. असे असूनही दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी लागली की आपल्यापैकी कितीतरी घरे मुंबईमार्गे कोकणची गाडी धरतात, कुडाळला उतरतात आणि मालवणच्या धक्क्यावर जाऊन उभी राहतात. समोर सिंधुदुर्ग दिसतो आणि मनात येते की हे आपलेच आहे.

या 'आपले'पणाचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोनच शब्द पुरतील. ज्या घरात जुन्या दफ्तराचे एखादे गाठोडे आहे, त्या घराला ते परके नाहीत. सनद आणि वहिवाट. सनद वरून येते. राजा, पेशवा किंवा सरकार ती देते आणि परतही घेते. वहिवाट खालून तयार होते. एखादी वाट रोज चालून, एखादे पाणी रोज भरून पिढ्यान्‌पिढ्या जो हक्क मुरतो, तो वहिवाटीचा. मालवणच्या बंदराचा जो इतिहास आपण वाचतो तो बहुतेक सनदांचा असतो. सुट्टीत गेल्यावर डोळ्यांना दिसते ती मात्र वहिवाट.

आधी बंदराची ठेवण पाहा. धक्क्यावरून पश्चिमेकडे तोंड केले की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, त्याच्या नि किनाऱ्याच्या मध्ये छोटा पद्मगड, उत्तरेला किनाऱ्यावरच राजकोटाचा खडक आणि आणखी पुढे कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट. या ठळक खुणांमध्ये पाण्यावर डोके काढणारे आणि पाण्याखाली दडलेले असंख्य खडक आहेत. बाहेरच्या समुद्राचा मार हे खडक आणि किल्ल्याचा तट अंगावर घेतात, म्हणून आतले पाणी निवांत राहते. मात्र ज्या खडकांनी आसरा दिला, तेच अनोळखी गलबताचा तळ फोडू शकतात. नावा कोणत्या वाटेने आत आणायच्या, कोणत्या भरतीला कोणता खडक बुडतो, हे ज्याला ठाऊक त्याचेच हे बंदर. ही माहिती कागदावर नव्हती. ती गाबीत आणि त्यांच्याबरोबर दर्यावर राबणाऱ्या इतर जातींच्या घरांत बापाकडून मुलाकडे येत गेली.

सिंधुदुर्गाचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला गेला. किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी त्या दिवशी गणेशपूजन झाले, तो आजही मोरयाचा धोंडा म्हणून दाखवतात. काम १६६७ पर्यंत चालले. बांधकामप्रमुख म्हणून हिरोजी इंदुलकरांचे नाव आपण घेतो आणि ते घ्यायलाच हवे. पण किल्ला बेटावर आहे. चुना, शिसे, लोखंड, गवंडी, त्यांची भाकरी हे सगळे तेथे होडीतूनच गेले असणार, दुसरी वाटच नाही. तीन वर्षे त्या खडकांतून ये-जा करणारी माणसे कोण होती, हे समजायला वेगळा पुरावा लागत नाही. आज तुम्हाला किल्ल्यावर नेणारी होडी त्याच पाण्यातून जाते.

आता सनदांचा हिशेब. १७३१ च्या वारणेच्या तहाने छत्रपतींच्या घरातील वाटणी पक्की झाली आणि मालवण-सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या गादीकडे राहिले. तेथल्या आरमाराला मुंबईचे इंग्रज चाचे म्हणत. कोल्हापूरच्या दृष्टीने आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाकडून मागणे मागणे हा राज्याचा हक्क होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. कोल्हापूरचा कारभार तेव्हा जिजाबाई राणीसाहेब पाहत होत्या. पुढच्याच वर्षी रक्कम आणि अटी ठरवून किल्ला परत मिळाला. नवे नाव मात्र कोणाच्या तोंडी बसले नाही. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे कंपनीकडे गेले आणि नंतर रत्नागिरी जिल्ह्यात मोडू लागले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्ग आहे. हीसुद्धा एक सनदच म्हणायची.

देवासकरांना यात आणखी एक धागा सापडेल. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचा विवाह १९०८ मध्ये कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी झाला. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव देवासच्या गादीवर आले आणि १९४७ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी छत्रपती झाले. म्हणजे ज्या घराकडे एके काळी मालवणची सनद होती, त्या घराची लेक देवासची राणी झाली आणि देवासचा राजा त्या घराच्या गादीवर बसला. नाते खरे आहे आणि अभिमानाचेही आहे. पण त्या नात्याने बंदरात एक होडी बांधण्याचाही हक्क मिळत नाही. तो हक्क वहिवाटीचा आहे.

ती वहिवाट कशी चालते, ते पाहण्यासारखे आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. शिडाच्या होड्या त्यावर बाहेर पडत. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो; तो त्यांना घरी आणी. इंजिने आली तरी दिवसाची ही चाल पुष्कळशी तशीच आहे. भरतीची वेळ ठरवायला घड्याळापेक्षा पंचांग उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला नि अमावास्येला बारा वाजण्याच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येची ती उधाणाची भरती, अष्टमीची भांगाची. तुमच्या देवघरातले पंचांग बरोबर न्या. मालवणात ते तुमच्या भ्रमणध्वनीइतकेच कामाचे आहे.

वहिवाटीचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे रापण. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाने सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात आणि वाळूत पाय रोवून जाळे ओढले जाते. बांगडा, तारली असे थव्याने किनाऱ्याजवळ येणारे मासे त्यात सापडतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात : जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्यांचे. एका घराला रापण झेपत नाही. म्हणून तिच्याबरोबर भागीदारी आली, पाळी आली, आणि कोणत्या किनाऱ्यावर कोणी जाळे ओढायचे याचे संकेत आले.

वाटा हा शब्द ऐकताना देवासच्या मंडळींना पाती आठवायला हरकत नाही. १७२८ पासून तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या वंशांनी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावाची वाटणी केली. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन राज्यांत असत. बाहेरच्यांना त्याचे हसू येई. पण १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत ती व्यवस्था टिकली, कारण कोणाचे काय हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. एक जागा दोघांनी वापरणे अवघड नसते. दुसऱ्याची पाती आहे हेच एकाला माहीत नसले, म्हणजे अवघड होते.

मालवणात आज नेमके हेच घडते आहे. रापणीच्या वाट्याला पहिला धक्का सुट्टीकऱ्यांनी दिला नाही, तो मोठ्या यांत्रिक नौकांनी दिला. पर्ससीनचे जाळे अख्ख्या थव्याभोवती टाकतात आणि बटव्याची दोरी ओढावी तसे तळाशी आवळतात. थवा खोल पाण्यातच उचलला गेला, की किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या हाती उरते काय? यावरून सिंधुदुर्गात अनेक वर्षे संघर्ष झाले. अखेर २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर क्षेत्राची आणि सप्टेंबर ते डिसेंबर अशी काळाची बंधने घातली. त्याआधी १९८७ मध्ये येथल्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला होता. प्रवाळ वाचावे हा त्यामागचा चांगला हेतू. पण आपल्या पाण्यात आपल्यालाच मज्जाव होईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. येथेही वरून आलेली सनद आणि खालची वहिवाट एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, दांडी, चिवला या किनाऱ्यांवर निवास-न्याहारीची घरे उभी राहिली, किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात प्रवाळ दाखवणाऱ्या बुड्या सुरू झाल्या. यात मच्छीमार घरांचे नुकसानच झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. सकाळी जाळे टाकणारा दुपारी प्रवासी नेतो, त्याच्या घरातली बाई पाहुण्यांना बांगड्याचे तिखले नि सोलकढी वाढते आणि मासळी नसलेल्या दिवसांत त्याच पैशावर चूल पेटते. अडचण वेळेची आणि जागेची आहे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळतो आणि डिसेंबरपर्यंतचे महिने मासळीचे. आपल्या दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या नेमक्या याच महिन्यांत येतात. रापण ओढायला मोकळी वाळू लागते. सुट्टीकऱ्याला त्याच वाळूवर खुर्ची हवी असते. थवा किनाऱ्याला यायला पाणी शांत लागते. त्याच पाण्यात वेगाच्या बोटी घुमतात.

पाहुण्याने काय करावे, हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. रापण दिसली तर दोरापासून दूर उभे राहा, किंवा विचारून हात लावा. मध्ये पाण्यात उतरू नका. बुडी मारायला गेलात तर प्रवाळावर पाय टेकू नका. माशांचे चित्र चांगले यावे म्हणून पाण्यात पाव टाकत असतील तर नको म्हणा. समुद्र खवळला आहे असे होडीवाल्याने सांगितले, तर 'इतक्या लांबून आलो' ही सबब पुढे करू नका. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीही बंद असते. तो समुद्राच्या विसाव्याचा काळ आहे, गैरसोय नव्हे. लिलावात मासळी घ्यायची तर घ्या, पण तो आपल्यासाठी मांडलेला खेळ नाही, कोणाचा तरी त्या दिवसाचा हिशेब आहे, हे ध्यानात ठेवा.

हे सारे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला चिमाजी आप्पांनी गिरिधर बहादूरचा पराभव केला आणि माळवा मराठ्यांना खुला झाला. त्याच चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली. आपले पूर्वज माळव्यात आले ते अशा विजयांच्या आणि सनदांच्या बळावर. पण आज आपण माळव्याचे आहोत ते सनदांमुळे नव्हे. त्या १९४८ लाच संपल्या. शेजाऱ्याशी माळवी बोलून, येथल्या विहिरी नि देवळे सांभाळून, येथेच जन्म-मरण काढून आपली वहिवाट झाली. तिची किंमत आपण जाणतो.

वहिवाटीचा एक नियम मात्र कठोर आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे अखंड वापरलेल्या वाटेवर हक्क मिळतो आणि वीस वर्षे ती वापरली नाही तर हक्क जातो. समुद्रकिनाऱ्याला तो कायदा जसाच्या तसा लावायचा नाही, पण व्यवहार तसाच चालतो. ज्या वाळूवर काही हंगाम खुर्च्या राहिल्या, तेथे रापण परत येत नाही. त्यासाठी कोणाचा हुकूम निघत नाही, तह होत नाही, इतिहासाच्या पुस्तकात तारीख नोंदली जात नाही. किल्ला होता तेथेच राहील आणि आपली नातवंडेही तो पाहायला जातील. त्यांना तेथे नेणाऱ्या माणसाला पाण्याखालचे खडक ठाऊक असतील की नाही, हे मात्र आजच्या सुट्ट्यांवर अवलंबून आहे.