चालणाऱ्याची रायफल

कोकणात माझ्या नानांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, एक ठासणीची बंदूक होती. परवाना पीकसंरक्षणाचा. भात पोटरीला आलं की रानडुकरं खाली उतरत आणि नाना रात्र रात्र माळ्यावर जागत. डुक्कर पडलं तरी ते आमच्या घरात यायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या वाडीतली माणसं ते घेऊन जात आणि दोन दिवसांनी त्यांच्याकडून काकड्या, पडवळं येत. एकदा मी विचारलं, ‘‘नाना, हिची गोळी किती लांब जाते?’’ ते म्हणाले, ‘‘ते मागाहून. आधी हिला खांद्यावर घे आणि विहिरीपर्यंत जाऊन ये.’’ मी गेलो. परत आलो तेव्हा गोळीचा प्रश्न विसरलो होतो. खांदा तेवढा ठणकत होता.

पुढे तालुक्याच्या वाचनालयात जिम कॉर्बेट हाती लागले. आपल्यापैकी पुष्कळांनी ते शाळकरी वयात वाचले असतील. वाघ, मचाण, काळोख, अंगावर आलेला काटा हे सगळ्यांच्याच लक्षात राहतं. मला मात्र, नानांमुळे असेल, त्यात दुसरंच काही दिसत राहिलं. हा माणूस सतत चालतो आहे. एक डोंगर उतरून दुसरा चढतो आहे, कुठल्या तरी गावाहून निरोप आला म्हणून पुन्हा उलट फिरतो आहे. हत्तीवर बसून, शेकडो हाकारे लावून शिकार करणाऱ्या संस्थानिकाला बंदुकीच्या वजनाची फिकीर नसते. ती दुसऱ्याच्या खांद्यावर असते. जो स्वतः चालतो, एकटा चालतो, त्याने हातात काय घ्यायचं?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जुन्या काळात तर त्याला उत्तरच नव्हतं. काळी दारू जळायची सावकाश आणि धुराचे लोट करून. तिने गोळीला फार वेग देता येत नसे. मग मोठं जनावर पाडायचं तर एकच उपाय, गोळीच मोठी करायची. बंदुकीच्या नळीचं मापही तेव्हा शिशाच्या वजनावरून ठरे. एक पौंड शिशाच्या जितक्या गोळ्या होतील, तितक्या ‘बोअर’ची नळी. आपल्याकडे बारा बोअरची बंदूक म्हणतात ती याच हिशेबानं. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज शिकारी हत्तीसाठी आठ बोअर आणि चार बोअर वापरत. चार बोअरची एक गोळी म्हणजे पाव पौंड शिसं, एकशे तेरा ग्रॅमच्या जवळपास. आणि गोळी ज्या जोरानं पुढे जाते त्याच हिशेबानं बंदूक मागे येते. बंदूक जड असेल तर तो दणका ती बराचसा स्वतः पचवते, हलकी असेल तर तो तुमच्या खांद्याला पचवावा लागतो. म्हणून त्या बंदुका आठ-दहा किलोंच्या असत, आणि साहेब पुढे मोकळ्या हातानं चालत, मागे एखादा गडी ती वाहत येई. ऐन वेळी गडी झाडावर चढला की साहेबांची पंचाईत.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं बिनधुराची दारू तयार केली आणि हा सगळा हिशेब उलटला. लहान, लांबट, तांब्या-निकेलच्या वेष्टणातली गोळी आता जुन्या गोळ्यांपेक्षा किती तरी वेगानं जाऊ लागली. जर्मनीतल्या माउझर कारखान्यानं अशा गोळीसाठी सात मिलिमीटरची लष्करी रायफल केली, ती स्पेननं १८९३ मध्ये स्वीकारली. मग ती दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या हाती गेली. १८९९ ते १९०२ च्या युद्धात याच रायफलींनी ब्रिटिश फौजांना जेरीला आणलं. (स्पिऑन कॉपच्या लढाईत जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते. इतिहासात माणसं कुठे कुठे भेटतात पाहा.) लंडनच्या रिग्बी कंपनीनं याच माउझरवर शिकारी रायफल बांधायला घेतली. पण इंग्रज गिऱ्हाइकाला मिलिमीटर कसे चालणार? म्हणून त्याच मापाला इंचातलं नाव मिळालं, .२७५. वजन साडेतीन किलोंच्या आसपास, गोळी दहा-अकरा ग्रॅमची. पाव पौंडावरून दहा-अकरा ग्रॅमवर. पंचवीस वर्षांत.

आता कुमाऊँकडे येऊ. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीमागे कॉर्बेट गेले तेव्हा त्यांचं वय बत्तीसच्या आत-बाहेर. नेपाळात आणि कुमाऊँत मिळून तिच्या नावावर ४३६ बळी लावले गेले होते. कॉर्बेट यांनी जायच्या आधी सरकारला दोन अटी घातल्या. बक्षीस मागे घ्या, आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवा. चंपावतला त्यांनी ज्या बळीचा माग काढला ती लाकूडफाटा गोळा करायला गेलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. त्या वेळी त्यांच्याकडे .५०० ची दुनळी होती आणि काडतुसं बरोबर तीन. ती संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभी. मग धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक हिसकावून आणली. ती इतकी खिळखिळी की नळी आणि मागचा भाग यांच्यात फट दिसत होती. तिने झाडलेली गोळी डोक्याला लागायची ती पंजाला लागली. सुदैवानं वाघीण आधीच संपत आली होती.

बक्षीस नाकारलेल्या माणसाला संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी भेट दिली ती रिग्बीची .२७५. दस्त्यावर चांदीची पट्टी, तिच्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख. भेटीदाखल आलेल्या वस्तू आपल्याकडे कपाटात जातात. ही पुढची कित्येक वर्षं डोंगरात फिरली.

लहानपणी कॉर्बेट यांना मिळालेली पहिली बंदूक एक नळी फुटलेली, पितळी तारेनं बांधलेली ठासणीची होती. म्हणजे अवजारानं दगा दिला तर काय होतं हे त्यांना बालपणीच ठाऊक होतं. हलकी रायफल त्यांना आवडली त्याचं कारण, मला वाटतं, तिची ताकद हे नव्हतंच. दिवसभर चालून संध्याकाळी ती खांद्याला लावली की हात थरथरत नसे.

पण नुसतं चालणं सोपं होतं म्हणून ती रायफल मोठी ठरत नाही. ११ एप्रिल १९३० ची गोष्ट. चौगढच्या वाघिणीनं पाच वर्षांत ६४ माणसं मारलेली, सरकारी यादीप्रमाणे. काला आगरजवळच्या एका ओढ्यात कॉर्बेट उतरले. वाटेत त्यांना रातव्याची दोन अंडी सापडली. अंडी जमवण्याचा त्यांना छंद होता, त्यांनी ती डाव्या हातात घेतली. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्यांनी उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं, तर आठ फुटांवर वाघीण बसलेली, थेट त्यांच्याकडे पाहत. रायफल उजव्या हातात, छातीवर आडवी, तोंड भलतीकडे. ते वाघिणीकडे आणायचं तर जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवायचं, आणि इतक्या सावकाश की तिला हालचाल कळू नये. एका हातानं. पाव वर्तुळ फिरेपर्यंत दस्ता कुशीला लागला, हात पूर्ण ताणला गेला, आणि तरी नळी पुढे सरकतच होती. चाप ओढला गेला तेव्हा वाघीण बसल्या जागीच कलंडली.

नंतर कॉर्बेट यांनी स्वतःच हिशेब मांडला आहे की आपण वाचलो कशामुळे. डाव्या हातात अंडी होती म्हणून दोन्ही हातांनी रायफल धरून झटकन वळायचा मोह झाला नाही. आणि रायफल हलकी होती. जड दुनळी असती तर एका हातानं ती फिरलीच नसती. तिसरं कारण त्यांनी दिलं ते वाघीण नरभक्षक असण्याचं, ते इथे सोडून देऊ. परतताना त्यांनी अंडी जागच्या जागी ठेवली, अर्ध्या तासानं पुन्हा तिथून गेले तेव्हा रातवा घरट्यावर येऊन बसला होता.

रुद्रप्रयागचा बिबट्याही याच रायफलीनं पडला, मे १९२६ मध्ये. सरकारी दफ्तरात त्याचे बळी १२५. आंब्याच्या झाडावर बसून, रायफलीला बॅटरी बांधून, काळोखात एक गोळी.

मात्र हलक्या रायफलीचं गुणगान करताना सावध राहावं लागतं. कॉर्बेट यांच्याकडे .४५०/४०० ची जड दुनळीही होती, आणि १९३८ मध्ये ठाकची वाघीण मारताना हातात तीच होती. लहान गोळी चुकीच्या जागी लागली तर जनावर जखमी होऊन निसटतं, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी गवत कापायला जाणारी बाई मोजते. जड गोळी थोडीफार चूक माफ करते, हलकी करत नाही. तिच्यासाठी जवळ जावं लागतं आणि थांबावं लागतं.

याच मापाच्या गोळीची दुसरी कथा आफ्रिकेतली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वॉल्टर बेल हे स्कॉटिश गृहस्थ. आज युगांडात असलेल्या करामोजा भागात फिरले म्हणून ‘करामोजो’ बेल. त्यांनी हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच .२७५ नं. हत्तीच्या कवट्या करवतीनं उभ्या चिरून मेंदू नेमका कुठे असतो याचा त्यांनी अभ्यास केला होता. पूर्ण वेष्टणातली लांबट गोळी हाडात वाकत नाही, सरळ आत जाते, हे त्यांनी ओळखलं. बेल यांचंही म्हणणं तेच, हत्तीमागे चालणाऱ्याला जड बंदूक परवडत नाही. त्यांची विद्या अस्सल होती. पण ती चालली हस्तिदंतासाठी. कॉर्बेट यांना एका वाघिणीमागे महिनोन् महिने चालायला लावणारी रायफल इथे एका दिवसात कळपातले अनेक हत्ती पाडायला उपयोगी पडली. बंदूक जड होती तोवर निदान माणूस दमत तरी होता. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत मोठ्या जनावरासाठी .३७५ पेक्षा लहान माप कायद्यानं चालत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा हा सगळा अध्याय मिटला. कॉर्बेट १९४७ मध्ये केनियात गेले आणि १९५५ मध्ये तिथेच वारले. त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ मध्ये मुंबईत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलं होतं, त्यांच्यानंतर .२७५ ही त्या प्रकाशनसंस्थेकडेच गेली. २०१५ मध्ये रिग्बी कंपनीनं ती परत मिळवली आणि २०१६ मध्ये ती भारतात आणली, तेव्हा कालाढुंगीच्या लोकांना ती पाहायला मिळाली. चांदीची पट्टी अजून शाबूत आहे.

नानांची बंदूक त्यांच्या माघारी परवान्यासकट जमा करावी लागली. ठाणं घरापासून चार मैलांवर. मामांनी ती गोणपाटात गुंडाळली आणि एसटीनं नेली. ती घेऊन एवढं चालायची घरात कुणाचीच तयारी नव्हती.