सोलिंगचे दगड

निवृत्त होऊन साखऱ्याला, माझ्या गावी, परत आलो, तेव्हा पारावर पहिला प्रश्न आला, ‘खाली उतरून कोळसा खोदायचात का तुम्ही?’ म्हटलं, नाही, रस्ते करायचो. सगळे हसले. रस्ते बांधकाम खातं करतं. खाणीत कसला आलाय रस्ता?

त्यांचंही चूक नाही. आपल्या मुलखात कोळशाची सुरुवात झाली तेव्हा खाणीत रस्ता नव्हताच. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकातली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला होता. कोळसा जमिनीखाली, त्यामुळे वाहतूक रुळांवरून, लहान डब्यांतून. ती खाण १९०६ साली बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, राजूर असं होत राहिलं, पण रूळ काही सुटला नाही. १ मे १९७३ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स आली, आणि मग वरची माती-दगड उचलून कोळसा उघडा करायची पद्धत जोरात वाढली. बोगद्यात रूळ असतो, उघड्या खाणीला डंपर लागतो. डंपर आला की त्याचा रस्ता, म्हणजे हॉल रोड, आलाच.

मी वणीकडच्या एका उघड्या खाणीत चेनमन म्हणून लागलो. साखळी ओढायची, पट्टी धरायची, साहेब ओरडले की खुंटी ठोकायची. साखऱ्याहून हिंगोली, पुसद, यवतमाळ करत वणीला पोचलो, तर तिथली जमीन ओळखीची निघाली. तीच काळी, पावसात चपलेला किलो-किलोनं चिकटणारी, उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडणारी. नदीही घरचीच म्हणायची. आपली कयाधू पैनगंगेला मिळते, आणि पैनगंगा घुग्घुसजवळ वढ्याला वर्धेला. वढ्याच्या संगमावर उभा राहिलो की वाटायचं, पाणी माझ्याआधी इथं पोचलंय.

आता हा हॉल रोड असतो कसा, ते सांगतो. आपल्या डांबरी रस्त्यावर ट्रकच्या एका ॲक्सलला साडेअकरा टनांची मुभा आहे. शंभर टनी डंपर भरला की सगळा मिळून एकशेसाठ टनांच्या घरात जातो, आणि त्यातला दोनतृतीयांश भार मागच्या एका ॲक्सलवर. हिशेब करा. त्याचं टायर माणसाच्या दीडपट उंच. नियम सांगतो की दुहेरी वाहतुकीचा रस्ता सगळ्यात मोठ्या गाडीच्या रुंदीच्या तिप्पट अधिक पाच मीटर हवा. डंपर सहा मीटर रुंद धरला तर तेवीस मीटर! साखऱ्याच्या गल्लीतली दोन्हीकडची घरं आत बसतील. रस्ता भरावावर असेल तर कडेला मातीचा बांध, निदान टायरएवढा उंच. चढ १६ ला १, त्याहून तीव्र नको. आखूड रॅम्पला तेवढी थोडी सवलत.

हा १६ ला १ मला आयुष्यभर पुरला. म्हणजे सव्वासहा टक्के चढ. पण चढ काही नुसता डोंगराचा नसतो, रस्त्याच्या मऊपणाचाही असतो. कडक रस्त्यावर चाक फिरवायलाच दोनेक टक्के चढाएवढा जोर जातो, आणि चाक जितके सेंटिमीटर रुतेल तितक्या वेळा आणखी ०.६ टक्के. पाच सेंटिमीटर रुतलं की तीन टक्के वाढले. म्हणजे निम्मा रॅम्प आणखी चढल्यासारखं, तेही सपाटीवर. डिझेल तिथं जातं. साहेब लोक इंजिनाकडे बघायचे, मी चाकोरीकडे.

काळ्या मातीची ताकद मोजायची रीत कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यातून आली, १९२० च्या दशकाच्या अखेरीस. दांडा मातीत दाबायचा, आणि चांगल्या खडीला जेवढा जोर लागतो त्याच्या किती टक्के इथं लागला ते बघायचं. भिजलेली काळी माती दोन-तीन टक्क्यांवर दम सोडते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या खाण खात्यासाठी कॉफमन आणि ऑल्ट या दोघांनी हॉल रोडवर पुस्तिका लिहिली, तीत याच आकड्यावरून थरांची जाडी काढायचे आलेख होते. तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स आमच्या ऑफिसात होत्या, अर्धे आकडे पुसलेले.

आलेख होते, तरी चूक झालीच. एका मेअखेरीला नव्या फेसकडे, म्हणजे जिथं खोदाई चालते त्या कड्याकडे, रॅम्प काढायचा होता. वरून घाई. काळी माती न काढता तिच्यावरच अर्धा मीटर मुरूम पसरला, ग्रेडर फिरवला. मला खटकत होतं, पण मान मीही हलवली. जूनच्या दुसऱ्या पावसात भरलेला डंपर मागच्या ॲक्सलपर्यंत बसला. त्याच्यामागे सहा डंपर उभे. डोझरनं ओढायचं तर डोझरही घसरायचा. शिफ्ट गेली. चिखलात मुरूम कुठं गेला ते शोधूनही सापडेना, मातीनं गिळला होता.

दिवाळीला घरी आलो, वडिलांना, आबांना सांगितलं. आबा बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर होते. तेव्हा आपला जिल्हा परभणी. खडी फोडायची, घमेली वाहायची, कामावर मिळणारी सुकडी खायची. सुकडीचं नाव काढलं की म्हातारपणीही तोंड वाकडं करायचे. माझं ऐकून म्हणाले, ‘काळ्या रानावर मुरूम टाकला? लेकरा, तो खालीच जायचा. आधी माती काढावी, मग सोलिंग. मोठा दगड, रुंद बाजू खाली, टोक वर. फटीत बारका दगड ठोकायचा. त्याच्यावर खडी, मग मुरूम, मग पाणी. अन् दगड हातानं लावायचा, ओतायचा नाही.’

स्कॉटलंडच्या टेलफर्डनं दोनशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं, हे मला नंतर कळलं. आणखी गंमत म्हणजे १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत थॉम्पसन आणि व्हिसर यांनी खाणीच्या रस्त्यांवर भार मोजून सांगितलं, की वरच्या पातळ थराखाली लगेच सुरुंगाच्या दगडाचा जाड थर द्या, पैसाही वाचतो. आमच्याकडे अडचण दगडाची होती. तिथला कामठी वालुकाश्म चाकाखाली महिन्यात पीठ होतो. बेसाल्ट मिळाला तर रस्ता टिकायचा. पुढच्या साली रॅम्पखालची माती आम्ही दीड मीटर काढली आणि बेसाल्ट भरला. त्या पावसाळ्यात एकही डंपर बसला नाही.

तरी तो रॅम्प तीनच वर्षं जगला. फेस पुढं सरकला, रस्त्याखालीच कोळसा होता, म्हणून आमच्याच शॉवेलनं तो रॅम्प उचलून टाकाऊ मातीच्या डम्पवर टाकला. नागपूरला १९४३ मध्ये देशातल्या मुख्य अभियंत्यांनी रस्त्यांचे वर्ग पाडले, राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंत. त्यात हॉल रोड नाही. त्याला ना मैलाचा दगड, ना उद्घाटनाची कोनशिला. मी आखलेल्यांपैकी एकही आज नकाशावर नाही. दोन तर जुन्या खड्ड्याच्या पाण्याखाली आहेत.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या फाट्याच्या रस्त्यावर नळाच्या पाइपासाठी जेसीबी लागला. डांबर सहज निघालं, खडी निघाली, मग बकेट अडकलं. पोरगं उतरून बघतंय, तर काळे दगड रांगेनं उभे. मला म्हणालं, ‘काका, हे कुणी असे उभे पुरलेत? एकेक उपटावा लागतोय.’ घरून टेप आणला. दगड नऊ इंच उंच, रुंद बाजू खाली. फटीतली चीप बोटानं हलवून बघितली. हलली नाही.