नकोसे टपाल आणि सुरतेचा उंबरा

सुरतेच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध नकोसा निरोप १६६४ च्या जानेवारीत आला. शिवाजी महाराजांनी शहराजवळ पोचताच मोगल अंमलदार इनायतखान आणि बहरजी बोहरा, हाजी सय्यद बेग, हाजी कासीम या व्यापाऱ्यांना कळविले, की समक्ष येऊन खंडणी ठरवा. उत्तर गेले नाही. खान किल्ल्यात जाऊन बसला. पुढचे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तो राजकारणाचा मामला. पण न बोलावता दारात आलेल्या मागणीला 'नको' कसे म्हणावे, हा प्रश्न साध्या संसारी माणसालाही सुटलेला नाही.

एके काळी तो सोपा होता. १८३७ च्या कायद्यानंतर मुंबई-कलकत्ता पत्राला तोळ्यामागे रुपया पडे आणि तो घेणाऱ्याकडून वसूल करण्याची सोय होती. अशा बेअरिंग पत्रावरचे अक्षर पाहावे, ओळख पटली नाही तर परत करावे. नकाराला दमडी लागत नसे. झळ टपालखात्याला बसे.

१ ऑक्टोबर १८५४ पासून हे पालटले. पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा, आणि तिकीट न लावल्यास दुप्पट आकार. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले. सासरच्या लेकीची खुशाली गरिबालाही कळू लागली, हे उपकार मोठेच. पण लिहिणे स्वस्त झाले तसे परक्यालाही आपले दार स्वस्त झाले. जाहिराती आल्या, 'इतकी कार्डे लिहा, नाहीतर अनिष्ट होईल' असे धमकावणारी देवादिकांच्या नावाची कार्डे आली. १८७७ पासून व्ही.पी. होतीच : आधी पैसे मोजा, मग पुडके उघडा.

आपल्या दुभाषी घरांत याला आणखी एक पदर आहे. सुरत-भुसावळ मार्गावरचे नवापूर स्टेशन जसे अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात, तशीच आपली घरे. उधना-लिंबायतच्या खानदेशी घरात मुलगा गुजराती शाळेत शिकलेला, आईला मराठीच वाचता येते. पोस्टमन येतो दुपारी, तेव्हा घरी असते ती आई. कागदावर काय आहे हे न कळता ती सही करते, पैसेही देते. 'यांनीच मागवले असेल' या भाबड्या विश्वासावर कितीतरी पुडकी खपली असतील.

आता रिंग रोडच्या कापडबाजारातल्या साड्या मोबाईलवर येतात. पाठवणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य, म्हणून नकाराचे बळ कायद्यात शोधावे लागले. २००७ साली नकोशा फोनविरुद्ध राष्ट्रीय नोंदवही झाली. २०१० आणि २०१८ साली नियम कडक झाले. १९०९ या क्रमांकावर नोंद आणि तक्रार दोन्ही करता येतात.

घरापुरता नेम मात्र जुनाच पुरेसा आहे. न मागवलेले पाकीट न उघडता 'घेण्यास नकार' असे लिहून परत द्यावे. व्ही.पी. मागवणाऱ्याने घरात आधी सांगून ठेवावे. सांगितलेले नसेल तर सोडवू नये. बक्षिसाच्या कुपनावर पत्ता वा नंबर लिहू नये. न वाचलेल्या लिपीवर सही करू नये.

अतिथीला आपण देव मानतो, ते योग्यच. पण सौदा घेऊन येणारा अतिथी नव्हे. त्याला उंबऱ्यावरूनच परतवायला आईला शिकवावे, आणि तिने परतवले तर घरात कोणी तिला बोल लावू नये.